माणसाकडून काम कसें घ्यावें?

कारखाना असो, कचेरी असो वा दहा माणसांचें घर असो, अनेकांच्या हातून एक काम नीट कसें पार पाडावें हा प्रश्न जुनाच आहे. त्याचें स्वतंत्र शास्त्र मात्र गेल्या सव्वाशे वर्षांतलें. तें आमच्या वाचकांनीं अवश्य जाणून घ्यावें. कारण त्याचा खरा विषय यंत्र नसून माणूस होय.

या शास्त्राचा एक आद्य प्रवर्तक म्हणजे अमेरिकन इंजिनियर फ्रेडरिक टेलर. १८९९ मध्यें बेथलेहेमच्या पोलादी कारखान्यांत एक मजूर दिवसाला सुमारें साडेबारा टन कच्चें लोखंड गाडींत चढवीत असे. टेलरच्या कथनाप्रमाणें, काम व विश्रांति यांचें माप ठरवून दिल्यावर एका निवडक मजुरानें साडेसत्तेचाळीस टन चढविले. त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडीच अधिक! विचार वरिष्ठांनीं करावा, मजुरानें सांगितलेलें करावें, हें या पद्धतीचें सार. ऑगस्ट १९११ मध्यें वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रागारांत कामाची वेळ घड्याळ लावून मोजूं लागतांच ओतकाम करणाऱ्यांनीं काम बंद केलें, आणि प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेलें.

टेलरनें हात मोजले. फ्रान्समधील खाणींचे चालक हेन्री फायोल यांनीं सबंध संस्थेकडे पाहिलें. १९१६ मध्यें त्यांनीं व्यवस्थापनाचीं चौदा तत्त्वें मांडलीं. त्यांतील एक असें कीं, माणसास आज्ञा देणारा वरिष्ठ एकच असावा. ज्या सुनेला चौघींच्या आज्ञा एकाच वेळीं पाळाव्या लागतात, तिला याचें मर्म निराळें सांगावयास नको.

पुढें १९२४ ते १९३२ या काळांत शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यांत प्रयोग झाले. प्रकाश वाढविला तेव्हां काम वाढलें. पण कमी केला तरीही तें बहुधा घटलें नाहीं! आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, आपलें मत विचारीत आहे, या जाणिवेचाच हा परिणाम असावा, असा अर्थ एल्टन मेयो प्रभृतींनीं लावला. त्यावर पुढें पुष्कळ वाद झाला. परंतु मजुराला मन असतें ही गोष्ट शास्त्राच्या दप्तरीं नोंदली गेली ती कायमची.

१९६० मध्यें डग्लस मॅक्ग्रेगर यांनीं दाखविलें कीं, माणूस मूळचा आळशी मानला तर एक पद्धति निघते, आणि जबाबदारी घेण्यास समर्थ मानला तर अगदीं दुसरी. जपानांतील टोयोटा कारखान्यांत तर दोष दिसतांच दोरी ओढून सारी रांग थांबविण्याचा अधिकार साध्या कामगारास मिळाला. विचार करणें हें त्याचेंही काम ठरलें.

तथापि टेलरचें घड्याळ बंद पडलें आहे असें नव्हे. आज मोठमोठ्या गोदामांतून तेंच घड्याळ विजेच्या यंत्राच्या रूपानें कामगाराचे क्षण मोजीत आहे. म्हणून आम्हांस वाटतें कीं, जुना सिद्धांत गेला व नवा आला असें येथें घडत नाहीं. प्रत्येक पिढीला निवड पुन्हां करावी लागते. घरच्या कर्त्या माणसासही ती चुकलेली नाहीं. जो काम करतो त्याला त्या कामाविषयीं आपण कधीं कांहीं विचारतों काय, एवढें ज्यानें त्यानें स्वतःशीं पाहावें.