जात्यावरची ओवी आणि सहभागी संशोधन : गायिकेच्या स्थानाचा प्रश्न

जात्यावरील ओव्यांच्या संकलनाची परंपरा मराठीत जुनी आणि समृद्ध आहे. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन', कमलाबाई देशपांडे यांचे 'अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते', दुर्गा भागवतांची 'लोकसाहित्याची रूपरेषा' (१९५६) आणि लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून सरोजिनी बाबर यांनी केलेले प्रचंड कार्य यांच्याशिवाय या विषयाचा अभ्यास सुरूच होऊ शकत नाही. तथापि कमलाबाईंनी योजिलेल्या 'अपौरुषेय' या शब्दावर क्षणभर थांबले पाहिजे. हे वाङ्मय पुरुषांनी रचलेले नाही, हा त्याचा एक अर्थ. वेदांप्रमाणे त्याला कोणी कर्ताच नाही, हा दुसरा. पहिल्या अर्थाने स्त्रीच्या निर्मितीचा गौरव झाला, पण पुढील अभ्यासकांनी बहुधा दुसराच अर्थ उचलला. ओवी 'समाजाची' ठरली आणि ती गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, जात व वय नोंदण्याची गरज कोणाला फारशी भासली नाही.

सामाजिक शास्त्रांमध्ये १९७० नंतर 'सहभागी संशोधन' या नावाने जी विचारधारा पुढे आली, तिचा रोख नेमका या जागेवर होता. ज्यांच्याविषयी संशोधन करावयाचे ते केवळ माहितीचे स्रोत नसून ज्ञानाचे निर्माते आहेत, म्हणून प्रश्न ठरविण्यापासून अर्थ लावण्यापर्यंत त्यांचा वाटा असला पाहिजे, ही तिची मूळ भूमिका. पावलो फ्रेरी यांचा शिक्षणविचार आणि कोलंबियातील समाजशास्त्रज्ञ ओरलांडो फाल्स बोर्दा यांचे कार्य हे तिचे परिचित आधार होत. महाराष्ट्रही यात मागे नव्हता. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या भूमिसेनेवरील १९७९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आशियातील या पद्धतीच्या आरंभीच्या उदाहरणांत गणला जातो. मात्र तेथे अभ्यासाचा विषय चळवळ हा होता. कलेलाच संशोधनाचे साधन करण्याचा मोठा प्रयोग झाला तो पुण्यात, आणि तो ओवीच्या संदर्भात झाला, ही मराठीच्या अभ्यासकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

मूळचे फ्रान्सचे असलेले गी पॉइटवाँ १९७२ साली भारतात आले व पुढे येथील नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्यासह त्यांनी पुण्यात 'सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' ही संस्था उभी केली. मावळ-मुळशीच्या डोंगरी भागात 'गरीब डोंगरी संघटना' काम करीत होती. तिच्या कार्यकर्त्या स्त्रिया त्याच गावांतल्या, स्वतः दळणाऱ्या, स्वतः गाणाऱ्या होत्या. शाळेचे तोंड त्यांपैकी अनेकींनी क्वचितच पाहिले होते. ऐंशीच्या दशकात ओव्या गोळा होऊ लागल्या त्या मुख्यतः अशा कार्यकर्त्यांकरवी. संकलन करणारी व्यक्ती बाहेरून आलेली नव्हती. तिने गायिलेल्या ओवीला दुसरीने ओवी जोडावी, तिसरीने तिच्यात आपले दुःख मिसळावे, आणि मग या ओवीत नवऱ्याविषयी, भावाविषयी, सासरविषयी नेमके काय म्हटले आहे यावर शिबिरात बसून सर्वांनी बोलावे, असा हा क्रम होता. संशोधन आणि आत्मशिक्षण ही येथे दोन निराळी कामे राहिली नाहीत.

फ्रान्समधील संशोधक बर्नार बेल या कार्यात सामील झाल्यावर ध्वनिमुद्रण व संगणकीय सूची यांची जोड मिळाली. आज या संग्रहात सुमारे १,१०,००० ओव्या आहेत. त्या एक हजारांहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांनी गायिलेल्या आहेत. संख्येचे महत्त्व आहेच, परंतु त्याहून महत्त्वाचे हे की ओवीची नोंद गायिकेच्या नावागावाशी बांधलेली आहे. पॉइटवाँ २००४ मध्ये व हेमाताई २०१० मध्ये निवर्तल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संस्थेने हा संग्रह क्रमशः प्रकाशात आणला आहे.

नावगाव नोंदल्याने अर्थात काय फरक पडतो, हे माजलगावच्या उदाहरणावरून कळते. १९९६ साली बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात दलित स्त्रियांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत बाबासाहेब आहेत, रमाई आहे, बुद्ध आहे. या ओव्या विसाव्या शतकातल्या आहेत. त्यांच्या कर्त्यांना आपला इतिहास ठाऊक आहे आणि तो त्या जाणीवपूर्वक जुन्या छंदात घालीत आहेत. ओवी म्हणजे कालातीत, निनावी, भावविवश स्त्रीमनाचा उद्गार ही पाठ्यपुस्तकी व्याख्या येथे टिकत नाही. गायिकेची वस्ती व जात गाळून याच ओव्या 'भक्तिपर' या शीर्षकाखाली छापल्या असत्या, तर त्यांचा प्राणच निघून गेला असता.

या पद्धतीला मर्यादा आहेत, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. एक लाखावर ओव्यांचे विषयवार वर्गीकरण शेवटी अभ्यासकाच्या टेबलावर झाले. गायिका 'आता माहेराच्या ओव्या' असे म्हणून दळत नाही. एका दळणात सीता, भाऊ, पाऊस आणि सावकार एकामागून एक येतात. विषयवार कप्पे केले की हा ओघ तुटतो. दुसरी अडचण जात्याची. पिठाची गिरणी आल्यावर जाते कोपऱ्यात गेले. आता ओवी गायिली जाते ती बहुधा विचारणाऱ्यासाठी. श्रमासाठीचे गाणे कोणाला ऐकविण्याचे गाणे झाले की त्याची लय बदलते, निवडही बदलते. संशोधकाने ही गोष्ट नोंदीत लिहिली पाहिजे एवढेच येथे म्हणता येईल.

खानदेशाला या चर्चेत खास स्थान आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची कविता आपल्यापर्यंत आली ती सोपानदेव व पितांबर चौधरी यांनी ती ऐकून लिहून ठेवली म्हणून; १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने निघाली. जात्याला आपल्याकडे 'घरोट' म्हणतात आणि त्या नावाची त्यांची कविताही आहे. ऐकणारे कान घरातलेच होते, म्हणून बहिणाबाई नावानिशी टिकल्या. त्याच परिसरात, त्याच बोलीत गाणाऱ्या इतर किती जणींना असे कान लाभले नाहीत, हा विचार अस्वस्थ करतो.

म्हणून आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लोकगीत-प्रकल्पांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. पुष्कळ प्रबंधिकांत गीते 'संकलित' असतात, गायिका मात्र आभाराच्या पानावर 'गावातील वृद्ध महिला' एवढ्यापुरती उरते. अहिराणी वा लेवा बोलीतील रूपे वाचकाच्या सोयीसाठी 'शुद्ध' केली जातात आणि अर्थ ग्रंथांतून घेतला जातो. याउलट पिंप्राळ्यासारखे गाव घ्यावे. ते आज जळगाव शहराच्या हद्दीत आले आहे, तरी आषाढी एकादशीचा रथ ओढणारे गाव म्हणून त्याची ओळख शाबूत आहे. तेथील गल्ल्यांत सासू, सून व नात अशा तीन पिढ्या एका छताखाली भेटतात. कानबाईची गाणी किंवा लग्नातील हळद दळतानाची गाणी घेऊन त्या घरी जावे. नातीने आजीला विचारावे, सुनेने दुरुस्त करावे, आणि विद्यार्थ्याने तिघींमधला मतभेद जसाच्या तसा लिहून घ्यावा. लिहिलेले पुन्हा त्यांच्यासमोर वाचावे. कोणती ओवी छापावयाची व कोणती घरातच ठेवावयाची हे त्यांनी सांगावे. नाव छापण्यास संमती नसेल तर तीही नोंदावी. यास दोन भेटी पुरत नाहीत. एक श्रावण ते दुसरा श्रावण एवढा काळ धरावा लागतो, आणि मार्गदर्शकांनी प्रकल्पाचे वेळापत्रक आखतानाच तो धरला पाहिजे.