तासाभराचे उड्डाण, दीड दिवसाची रेल्वे

कोलकाता आणि आगरतळा यांच्यातील हवाई अंतर सुमारे ३१५ किलोमीटर आहे. विमानाच्या वेळापत्रकात त्यासाठी तासाभराचा अवधी असतो. तोच प्रवास रेल्वेने करायचा तर न्यू जलपाईगुडी, गुवाहाटी, लामडिंग, बदरपूर असा दीड हजार किलोमीटरांहून मोठा वळसा पडतो आणि दीड दिवस सहज जातो. मध्ये बांगलादेश आहे. विमान त्यावरून सरळ जाते. रेल्वेला सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातूनच जावे लागते.

हा वळसा भूगोलाने नव्हे, फाळणीने दिला. पूर्वी आगरतळ्याचा प्रवासी काही किलोमीटरांवरील अखौरा स्थानकात आसाम-बंगाल रेल्वेची गाडी पकडून चांदपूर गाठी, तेथून आगबोटीने ग्वालंदो आणि पुढे गाडीने सियालदह. १९४७ मध्ये अखौरा परदेशात गेले. १९६५ च्या युद्धानंतर उरलेसुरले रेल्वे व जलमार्गही बंद झाले. आगरतळ्यात रेल्वे पोहोचली ती २००८ साली, आणि ब्रॉडगेज २०१६ मध्ये! मधली सहा दशके या राजधानीला मोठा आधार होता तो विमानतळाचा. तोही संस्थानी वारसाच. महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, महाराजा बीर बिक्रम यांनी दिलेल्या जमिनीवर तो उभा राहिला.

ही पार्श्वभूमी धोरणकर्त्यांच्या गणितात क्वचितच उतरते. मे २०२० मध्ये केंद्राने विमानभाड्यांवर मर्यादा घातल्या, तेव्हा सात गट पाडले ते केवळ उड्डाणाच्या कालावधीनुसार. प्रशासकीय सोयीच्या दृष्टीने निकष निर्दोष होता. मोजायला सोपा, वाद घालायला अवघड. पण तासाभराच्या दोन उड्डाणांत फरक असतो. एखाद्या मार्गावर विमान चुकले तर रात्रीची गाडी असते. आगरतळ्याच्या कर्करोगग्रस्ताला कोलकात्यातील रुग्णालयाची तारीख गाठायची असेल, तर विमानाला पर्याय म्हणजे दीड दिवसाचा रेल्वेप्रवास. तोही निर्धोक नाही. मे २०२२ मध्ये दिमा हसाओच्या डोंगरांत दरडी कोसळल्या, न्यू हाफलाँग स्थानक चिखलात बुडाले आणि लामडिंग-बदरपूर मार्ग सुमारे दोन महिने तुटला.

त्या भाडेमर्यादा ऑगस्ट २०२२ अखेर उठल्या. ‘उडान’ योजनेचा भर सेवा नसलेल्या किंवा तुटपुंजी सेवा असलेल्या विमानतळांवर आहे, त्यामुळे आगरतळ्यासारखे नियमित वर्दळीचे विमानतळ तिच्या मुख्य कक्षेबाहेर राहते. सरसकट मर्यादा घातल्यास कंपन्या फेऱ्याच कमी करतील, हा आक्षेप खोडून काढण्याजोगा नाही. म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, मार्गाची निकड ठरवताना उड्डाणाचा कालावधी न पाहता जमिनीवरील पर्यायाला किती तास लागतात ते पाहावे. जेथे ही तफावत टोकाची आहे, तेथे किमान रुग्ण व विद्यार्थ्यांसाठी काही जागांचे भाडे बांधून द्यावे आणि त्यातील तूट शासनाने सोसावी.

शेजारी देशातून मार्ग खुला होईल, तेव्हा हा प्रश्नच उरणार नाही, असे काही जण म्हणतात. आगरतळा-अखौरा या सव्वाबारा किलोमीटरांच्या रेल्वेजोडणीचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेही. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशातील उलथापालथीत उभय देशांमधील प्रवासी गाड्या थांबल्या. कोलकात्याहून निघालेले विमान मात्र तेव्हाही त्याच भूमीवरून तासाभरात आगरतळ्याला उतरत होते.