जुना पोलरॉइड, नवी फिल्म

फिल्म परत कशी आली

पोलरॉइडने फेब्रुवारी २००८ मध्ये झटपट फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि जगभरातले चालू कॅमेरे एका फटक्यात शोभेचे झाले. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एन्शेडेच्या पोलरॉइड कारखान्यातली यंत्रं ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’ नावाच्या कंपनीने विकत घेतली. यंत्रं मिळाली, रसायनं मात्र मिळेनात. ती बनवणारेच उरले नव्हते. सगळं मिश्रण नव्याने जुळवावं लागलं. २०१० मध्ये पहिली फिल्म आली, आणि आता ती पोलरॉइड याच नावाने विकली जाते. डबी जुन्यासारखी दिसली तरी आतली फिल्म वेगळी आहे.

कुठल्या कॅमेऱ्याला कुठली

१९७२ चा घडीचा एसएक्स-७० सुमारे १६० आयएसओची फिल्म मागतो, तर ६०० मालिकेचे कॅमेरे ६४० ची. आय-टाइप फिल्म स्वस्त पडते म्हणून घ्यायचा मोह होतो, पण तिच्या पॅकमध्ये बॅटरी नसते. या जुन्या कॅमेऱ्यांना वीज पॅकमधूनच मिळते. त्यामुळे आय-टाइप आत बसते, पण कॅमेरा ढिम्म हलत नाही.

फोटो बाहेर येताना

खरी कसोटी इथे असते. फोटोच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाच्या पिशव्या असतात. बाहेर पडताना दोन रूळ त्या फोडतात आणि लगदा फोटोभर सारखा पसरवतात. त्या क्षणी फोटोवर उजेड पडला की रंग धुपतात. म्हणून फोटो निघतो त्या फटीवर गुंडाळी उलगडणारी काळी पट्टी बसवून घ्यावी. ती नसेल तर हाताचा आडोसा करावा आणि फोटो लगेच पालथा ठेवावा. रंगीत फोटो उमटायला दहा-पंधरा मिनिटं जातात. झटकून तो लवकर येत नाही, उलट बिघडू शकतो.

फोटोवर ठरावीक अंतराने तेच ते ठिपके दिसले, तर फिल्मला दोष देऊ नका. रुळांवर जुना लगदा सुकलेला असतो. ओलसर फडक्याने पुसला की झालं.

हवामान

या फिल्मला १३ ते २८ अंश तापमान मानवतं. थंडीत फोटो निळसर, फिकट येतो आणि उकाड्यात पिवळट-तांबूस. म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी कॅमेरा न काढलेलाच बरा. पॅक फ्रिजमध्ये ठेवावेत, फ्रीझरमध्ये नको, आणि वापरायच्या तासभर आधी बाहेर काढावेत.

सेकंडहँड घेताना

रिकामा पॅक फेकू नका. त्याच्या बॅटरीत बहुधा थोडा जीव उरलेला असतो, तेवढ्यावर विकाऊ कॅमेऱ्याची मोटर आणि शटर तपासता येतं. आणखी एक गंमत म्हणजे जुन्या पॅकमध्ये दहा फोटो असत, आता आठच असतात. कॅमेऱ्याचा काटा मात्र दहापासूनच उलटा मोजतो. त्यामुळे काटा २ वर आला की पॅक संपलेला असतो.