सात चिंचोके आणून दे

चार वर्षांच्या पोराला पाहुण्यांपुढे उभं करून शंभरपर्यंत अंक म्हणायला लावणं हा मराठी घरांतला जुना कार्यक्रम आहे. पोर एका दमात एकोणतीस, एकोणचाळीस ओलांडून जातं, पाहुणे ‘हुशार आहे हो’ म्हणतात. त्याच पोराला सांगावं, ‘बाळा, त्या वाटीतून मला सात चिंचोके आणून दे,’ तर पुष्कळदा ते मूठभर उचलून आणतं. त्याची हुशारी खोटी नसते. अंकांची नावं ओळीने म्हणणं आणि ‘सात’ म्हणजे नेमके किती हे उमगणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीनंतर दुसरी यायला कित्येक महिने, कधी वर्षाहूनही जास्त काळ लागतो.

रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मुलांच्या संख्याज्ञानावर एक पुस्तक लिहिलं. मोजण्यामागे किती नियम दडलेले असतात ते त्यात उलगडून दाखवलं आहे. प्रत्येक वस्तूला एकच अंक द्यायचा, एकही वस्तू गाळायची नाही, अंकांचा क्रम बदलायचा नाही, सुरुवात कुठूनही केली तरी चालते. आणि शेवटी जो अंक उच्चारला तीच एकूण संख्या. हा शेवटचा नियम लहान मुलाला सर्वांत अवघड जातो. पाच वाट्या नीट मोजलेल्या मुलाला ‘मग किती आहेत?’ विचारलं, की ते पुन्हा एकपासून मोजायला लागतं. त्याच्या लेखी मोजणं ही एक कृती असते. त्यातून उत्तर निघतं हे अजून ठाऊक नसतं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी तर दाखवून दिलं, की दोन ओळींत सारख्याच सोंगट्या असल्या तरी एक ओळ पसरून लांब केली, की चार-पाच वर्षांची मुलं ‘यात जास्त आहेत’ असं ठामपणे सांगतात.

संख्येची ही समज व्याख्यान देऊन सुधारत नाही. मुलाच्या हाताखालून वस्तू जाव्या लागतात. बालवाडीत खाऊच्या वेळी एका मुलीला ‘सगळ्यांना एकेक वाटी दे’ म्हटलं, शेवटी दोन मुलं रिकामी राहिली आणि ती आत जाऊन बरोबर दोन वाट्या घेऊन आली, तर त्या दिवशीचा गणिताचा तास झाला. वहीत मात्र त्याची कुठे नोंद दिसणार नाही. त्यात मराठी अंक अवघड. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी, चाळीस मागून, लिहिताना उलट. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ अशी जोड सुचवली गेली, तेव्हा विधिमंडळापासून व्हॉट्सॲपपर्यंत टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी एखादं मूल अडखळताना जवळून पाहिलं असावं.

लिहिण्याची घाई ही दुसरी गोष्ट. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ठिपके जोडून ‘अ’ गिरवून घेणं म्हणजे शिक्षणाचा श्रीगणेशा, अशी समजूत आहे. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची असतात आणि एकेक करून हाडात बदलतात. हे काम प्राथमिक शाळेच्या वयापर्यंत चालू राहतं. बोटांच्या बारीक स्नायूंनाही जोर यावा लागतो. तो येतो मातीचे गोळे वळून, कागद फाडून, मणी ओवून, शेंगा सोलून, ओलं फडकं पिळून, कणकेच्या लाट्या करून. ज्या वर्गात ही कामं रोज होतात तिथल्या मुलांची पेन्सिल पुढे आपोआप नीट धरली जाते. ज्या वर्गात आधीच गिरवणं सुरू होतं तिथल्या मुलांची मूठ आवळते, अक्षर तिरकं जातं, आणि पाचव्या वर्षीच लिहिण्याचा कंटाळा येतो.

वाचनाचंही तसंच. अक्षर डोळ्यांनी ओळखण्याआधी आवाज कानाने वेगळा काढता यावा लागतो. ‘कमळ’ आणि ‘कणीस’ सारख्याच आवाजाने सुरू होतात, ‘माती’ आणि ‘पणती’ सारख्याच आवाजाने संपतात, हे मुलाला बडबडगीतांतून आणि यमकांच्या खेळातून कळतं. गोष्ट ऐकताना त्याहून मोठं काम चाललेलं असतं. समोर नसलेल्या कोल्ह्याबद्दल, कधीच न पाहिलेल्या राजाबद्दल नुसत्या शब्दांतून विचार करायचा, आधी काय झालं ते लक्षात ठेवायचं, पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा. पुढे धडा वाचून समजून घ्यायला हीच ताकद लागते. ‘मग काय झालं?’ हा प्रश्न विचारणारं मूल वाचनाच्या अर्ध्या वाटेवर आलेलं असतं.

यासाठी भाषा मुलाच्या घरची हवी. मेळघाटातल्या कोरकू घरातून येणाऱ्या मुलाला तर मराठीसुद्धा परकी; कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिचं मराठीशी नातं नाही. अशा मुलाला पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीत, किंवा शहरातल्या मराठी मुलाला थेट इंग्रजीत बसवलं, की ते मुकाट होतं. शांत मूल म्हणून त्याचं कौतुकही होतं.

आता खेळाकडे वळू. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ म्हटलं तर हात वर करायचे. नुसतं ‘हात वर’ म्हटलं आणि कुणी केले, तर तो बाद. शरीर हलायला निघालेलं असताना त्याला आवरायचं, नियम डोक्यात धरून ठेवायचा आणि हुकूम बदलला की त्याच क्षणी वळायचं. मेंदूच्या पुढच्या भागाशी निगडित अशी ही कौशल्यं तीन ते पाच या वयात झपाट्याने वाढतात. वर्गात बसून लक्ष देणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, राग आल्यावर न मारता तोंडाने सांगणं, ही त्यांचीच पुढची रूपं आहेत.

भातुकलीही हेच करते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांचं म्हणणं होतं की खेळात मूल आपल्या वयापेक्षा मोठं होऊन वागतं. १९४०च्या दशकात मनुइलेन्को या सोव्हिएत संशोधिकेने मुलांना न हलता उभं राहायला सांगून पाहिलं. नुसतं ‘उभं राहा’ म्हटल्यावर ती लवकर चुळबुळू लागली. ‘तू पहारेकरी आहेस’ असं खेळात ठरल्यावर मात्र बराच जास्त वेळ स्थिर राहिली. घरात दोन मिनिटं न थांबणारी मुलगी भातुकलीत ‘आई’ झाली, की भात शिजेपर्यंत कुणाला जेवायला वाढत नाही.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगायची खरं तर गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, आणि त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या होत्या. शिक्षिका त्या स्वतःच्या जिद्दीवर झाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तो भाग आज पालघर जिल्ह्यात येतो. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली; तीच अंगणवाडी. मुलांना आधी आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी आणि गोष्टी. माँटेसरीची महागडी लाकडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी, खड्यांनी आणि मातीने घेतली. काटकसर म्हणून सुरू झालेली ही गोष्ट शिक्षणाच्या दृष्टीनेही सरस ठरली, कारण ती मुलांच्या ओळखीची होती. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळालं. आज देशात अशी सुमारे चौदा लाख केंद्रं आहेत, आणि एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक.

या वयातलं शिक्षण पुढे टिकतं का, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी १९६०च्या दशकात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. काही मुलांना चांगली बालवाडी मिळाली, बाकीच्यांना नाही. बुद्ध्यंकात पडलेला फरक काही वर्षांत पुसला गेला आणि टीकाकारांनी प्रयोग फसला असं म्हणायला सुरुवात केली. मुलं चाळिशीला आली तेव्हा चित्र वेगळं होतं. बालवाडीत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शाळा पूर्ण केली होती, त्यांची कमाई जास्त होती, अटकेची वेळ कमी वेळा आली होती. टिकली होती ती चिकाटी आणि माणसांशी जुळवून घेण्याची सवय. नमुना लहान होता, हे खरं. पण नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी हे आकडे पुन्हा तपासून अशा खर्चाची भलामण केली.

दुसरी बाजू टेनेसी राज्याची. तिथल्या सरकारी बालवाड्यांचा मोठा अभ्यास झाला आणि २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. त्या बालवाड्यांत गेलेली मुलं सहावीपर्यंत पोहोचली तेव्हा न गेलेल्यांपेक्षा परीक्षेत मागे होती आणि शिस्तभंगाच्या तक्रारीही त्यांच्याबद्दलच जास्त होत्या. असं का झालं यावर वाद आहे. लहान मुलांना शाळकरी पद्धतीने, शिक्षकाने सांगायचं आणि मुलांनी ऐकायचं अशा रीतीने बसवणं हे एक संभाव्य कारण सांगितलं जातं. बालवाडीत घातलं की झालं, असं म्हणणाऱ्यांनी टेनेसी विसरू नये.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ या वयोगटाला ‘पायाभूत स्तर’ म्हणून शिक्षणाच्या चौकटीत आणलं, खेळावर भर दिला आणि शक्य तिथे घरच्या भाषेचा आग्रह धरला. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात अंगणवाडी सेविकेला मुलांची वजनं घ्यायची असतात, गरोदर बायकांकडे जायचं असतं, आहार वाटायचा असतो, मोबाइलवर माहिती भरायची असते. त्यातून उरलेल्या वेळात बालशिक्षण. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस मानधनाच्या मागण्यांसाठी दीर्घ संपावर गेल्या. ज्या वयाला आपण पाया म्हणतो, त्या वयाच्या शिक्षिकेला पगार न देता मानधन देतो, यावरून आपलं खरं मत काय ते दिसतंच. शहरांत पैसे मोजणाऱ्या पालकांच्या बालवाड्यांत वेगळी गत: भिंतींवर परदेशी कार्टून, गृहपाठ आणि शंभरपर्यंत अंकांची वही.

तेव्हा मुलाला बालवाडीत घालण्याआधी पालकांनी माहितीपत्रक बाजूला ठेवून वर्ग बघावा. साधनं मुलांच्या हाताला येतील इतक्या खाली आहेत का? पाणी, माती, रंग यांनी कपडे मळायची मुभा आहे का? ताई जास्त बोलतात की मुलं? रडणाऱ्या मुलाशी ताई कोणत्या भाषेत बोलतात? मोजायला चिंचोके, मणी, शंखशिंपले असं काही आहे, की सगळं फळ्यावरच? एवढं कळायला तासभर पुरतो. प्रवेशाच्या वेळी तेवढा तास मागून घ्या, आणि वर्गात बसू देणार नाही असं कुणी म्हणालं, तर दुसरी बालवाडी शोधा.