सोन्याचा मुलामा आणि विजेचा सांधा

पितळेच्या पातेल्यास कल्हई केली म्हणून त्यांतील आमटी लवकर शिजते, असें कोणतीहि गृहिणी म्हणणार नाहीं. कल्हईचा उपयोग निराळा आहे हें तिला पक्कें ठाऊक असतें. चिंच, ताक यांसारखा आंबट पदार्थ पितळेस लागून कळकूं नये, एवढ्यासाठींच कल्हईवाल्यास हांक मारावयाची असते. परंतु हाच साधा विचार विजेच्या उपकरणांच्या बाबतींत सुशिक्षित माणसासहि बहुधा सुचत नाहीं. वेष्टनावर ‘सोन्याचा मुलामा दिलेले सांधे’ एवढे शब्द दिसले कीं, उपकरणाची शक्ति वाढली असें तो धरून चालतो आणि चार पैसे अधिक मोजून मोकळा होतो.

या समजुतीची परीक्षा करण्यास ई-सिगारेट किंवा व्हेप या नांवानें ओळखलें जाणारें उपकरण फार सोयीचें आहे. हॉन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञानें २००३ सालीं त्याचा आधुनिक नमुना तयार केला, आणि पुढें युरोप-अमेरिकेंत त्याचा मोठा व्यापार उभा राहिला. भारतांत १८ सप्टेंबर २०१९ रोजीं त्याविरुद्ध वटहुकूम निघाला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कायदा होऊन या वस्तूचें उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांस बंदी झाली. तेव्हां येथें तिची शिफारस करण्याचा प्रश्नच नाहीं. परंतु परदेशांतील तिच्या शौकिनांमध्यें एक वाद नेहमीं चालतो. सांध्यांवर सोन्याचा अथवा रूप्याचा मुलामा असला तर उपकरण अधिक चांगलें चालतें काय? या प्रश्नाचें उत्तर घरांतील विजेरीपासून भिंतीवरील प्लगापर्यंत सर्वांनाच लागू पडतें.

उपकरणाची रचना साधी आहे. एक बॅटरी, एक बटण आणि तारेचें एक लहान वेटोळें. वेटोळ्यांत कापसाची वात बसविलेली असते, आणि ती ग्लिसरिन, प्रॉपिलिन ग्लायकॉल व बहुधा निकोटिन यांच्या मिश्रणानें भिजलेली असते. बटण दाबतांच वेटोळें तापतें व द्रवाची वाफ होते. वेटोळ्याचा भाग बॅटरीच्या भागावर आट्यांनीं फिरवून बसवितात. आटे हें ऋण टोंक, मध्यभागींची पिन हें धन टोंक, आणि दोहोंमध्यें वीज न वाहूं देणारें एक कडें. बॅटरीचीं दोन टोंकें, बटण, मधली पिन आणि आटे अशा पांच ठिकाणीं एका धातूवरून दुसऱ्या धातूवर वीज जात असते. मुलाम्याचा सारा वाद या पांच जागांचा आहे.

मुलाम्याच्या पुरस्कर्त्यांचा पहिला युक्तिवाद असा कीं, रूपें व सोनें हे उत्तम वाहक आहेत. यांत अर्धेंच सत्य आहे. सर्व धातूंत रूप्याचा क्रमांक पहिला लागतो हें खरें. पण तें तांब्याहून शेंकडा पांच-सहाच सरस आहे. सोनें तर तांब्याच्याहि मागें आहे. तांब्याची वाहकता शंभर धरली तर सोन्याची सत्तर-पंचाहत्तर भरते. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत ओक रिज येथें युरेनियमचे घटक वेगळे करणाऱ्या प्रचंड विद्युत्-चुंबकांसाठीं सरकारी तिजोरींतील सुमारें १४,००० टन रूपें उसनें घेण्यांत आलें. तें तांब्याहून फार श्रेष्ठ म्हणून नव्हे, तर युद्धकाळांत तांबें मिळेनासें झालें म्हणून.

शिवाय मुलाम्याचा थर किती जाड असतो याचाहि विचार केला पाहिजे. हा थर बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. माणसाचा केंस त्याच्या कितीतरी पट जाड भरेल. दहा चौरस मिलिमीटर क्षेत्रावर एवढा रूप्याचा थर असला तर त्यांतून आरपार जातांना विजेला होणारा रोध एका ओहमच्या साठ कोटी भागांपैकीं सुमारें एक भाग भरतो. रूप्याऐवजीं निकल वापरलें, तर चौदा कोटी भागांपैकीं एक. दोन्हीहि आंकडे शून्यवतच होत. तेव्हां थराच्या वाहकतेनें उपकरणाची शक्ति वाढते हा युक्तिवाद येथेंच संपतो.

मग सांध्यांत रोध उत्पन्न होतो तो कशामुळें? या विषयाचा सखोल अभ्यास रॅग्नर होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञानें केला. १९४१ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ या शास्त्राचा पाया समजला जातो. धातूचा पृष्ठभाग डोळ्यांस कितीहि गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखालीं तो सह्याद्रीच्या शिखरांसारखा उंचसखल असतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेविले तर ते कांहीं थोड्या शिखरांवरच टेंकतात, आणि सारी वीज त्या इवल्याशा बिंदूंतून वाट काढीत जाते. जत्रेची गर्दी देवळाच्या अरुंद दारांत तुंबावी, त्यांतलाच हा प्रकार. दार रुंद करावयाचें तर दोन मार्ग आहेत: सांधा अधिक जोरानें आवळणें, किंवा दाबाखालीं सहज चेपला जाणारा मऊ धातु वापरणें. सोनें-रूपें मऊ असल्यामुळें या कामीं थोडेंबहुत साहाय्य करतात. पण आवळण्यानें जें साधतें त्यापुढें हा लाभ लहान आहे, आणि आवळण्यास पैसे पडत नाहींत.

रोधाचें दुसरें कारण म्हणजे पृष्ठभागावरील पुटें, आणि मुलाम्याचें खरें महत्त्व येथेंच आहे. तांबें व पितळ हवेंत काळवंडतात. त्यांवर ऑक्साइडचा थर बसतो व तो विजेला नीट वाट देत नाहीं. देवघरांतील रूप्याचीं उपकरणीं काळीं पडतात तीं हवेंतील गंधकयुक्त वायूमुळें. तें रूप्याचें सल्फाइड होय. हें पुट मऊ असतें. सांधा घट्ट असला व प्रवाह मोठा असला तर तें फुटून वीज पार होते, म्हणून मोठ्या प्रवाहाच्या बटणांत रूपें व रूप्याचे मिश्रधातु आजहि सर्रास वापरतात. सोन्यावर मात्र साध्या हवेंत असें पुट मुळींच चढत नाहीं. दहा वर्षांपूर्वीं जसें होतें तसेंच तें आज असतें. संगणकाच्या स्मरणपट्ट्या किंवा फोनमधील सिमकार्ड यांवर सोनें असतें तें यासाठीं. तेथें दाब इतका अल्प व प्रवाह इतका सूक्ष्म असतो कीं, पातळसें पुटहि काम बंद पाडण्यास पुरे होतें. सोनें विजेचा वेग वाढवीत नाहीं. तें सांध्याची स्वच्छता टिकवितें. अर्थात् तें विजेच्या सांध्याची कल्हईच होय.

आतां व्हेपचा हिशेब मांडून पाहूं जातां काय दिसतें? समजा, बॅटरी पूर्ण भरलेली असून तिचा दाब ४.२ व्होल्ट आहे, वेटोळ्याचा रोध ०.२ ओहम आहे, आणि बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत रोध २० मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा पन्नासावा भाग आहे. पांचही सांध्यांचा मिळून रोध १० मिलिओहम धरला तर सुमारें १८.३ अँपिअर प्रवाह वाहतो, वेटोळ्यास ६७ वॅट शक्ति मिळते आणि सांध्यांत तीन वॅटांहून थोडी अधिक वाया जाते. मुलाम्यानें सांध्यांचा रोध निम्मा झाला असें उदारपणानें मानलें, तर वेटोळ्यास सुमारें ७० वॅट मिळतात. लाभ झाला तीन वॅटांचा. परंतु तीच बॅटरी वापरतां वापरतां ३.७ व्होल्टांपर्यंत उतरली कीं, पहिल्या ६७ वॅटांचे ५२ होतात. बॅटरी उतरल्यानें जो फरक पडतो, त्याचा पांचवा हिस्साच मुलाम्यानें पडतो. आणि वेटोळें साधें, दीड ओहम रोधाचें असेल तर पांच मिलिओहमांचा फरक शेंकडा एकाहूनहि कमी भरतो. तो कोणाच्याहि जिभेस किंवा डोळ्यास कळणें शक्य नाहीं.

तथापि एका प्रकारच्या उपकरणांत मुलाम्यास न्याय दिला पाहिजे. कांहीं उपकरणें वेटोळ्याच्या रोधावरून त्याचें तपमान ओळखतात व तें ठरीव मर्यादेपलीकडे जाऊं देत नाहींत. निकलच्या तारेचा रोध दर अंशास शेंकडा सुमारें ०.६ नें वाढतो. वेटोळें ०.१ ओहमचें असेल तर एका अंशाचा फरक म्हणजे अवघे ०.६ मिलिओहम. अशा वेळीं सांधा सैल होऊन त्याचा रोध सहा मिलिओहमांनीं बदलला, तर उपकरणाचा अंदाज दहा अंशांनीं चुकतो. रोध वाढला तर वेटोळें आहे त्याहून अधिक तापलें असें त्यास वाटतें. आरंभीं मळकट असलेला सांधा मागाहून साफ झाला तर उलट घडतें, आणि तें वेटोळें तापवीतच राहतें. फाजील तापलेल्या ग्लिसरिनपासून अ‍ॅक्रोलिनसारखीं घशास व फुप्फुसांस घातक द्रव्यें निर्माण होतात. येथें सांध्याचा रोध किती थोडा आहे यापेक्षां तो किती स्थिर आहे याला महत्त्व आहे, आणि स्थैर्य हाच सोन्याचा गुण आहे.

परंतु हा गुण थर शाबूत असेपर्यंतच टिकतो. आटे पुनः पुनः फिरविले कीं पातळ सोनें खरवडून जातें. तांब्यावर थेट सोनें चढविलें तर तांब्याचे कण हळूहळू वर येतात. यासाठीं मध्यें निकलचा थर द्यावा लागतो. थरांत सूक्ष्म छिद्रें असलीं व त्यांत घाम किंवा द्रव मुरला तर खालचा हलका धातु एरव्हींपेक्षां लवकर झिजतो. आणि बटणाच्या जागीं तर सोनें मुळींच शोभत नाहीं. वीस अँपिअरांचा प्रवाह तोडतांना शेवटच्या स्पर्शबिंदूवर धातु वितळतो, आणि तेथील नाजूक थर थोड्याच दिवसांत नाहींसा होतो.

हा सारा वाद शौकिनांच्या तीन वॅटांपुरता राहिला असता तर त्यावर एवढें बोलण्याचें प्रयोजन नव्हतें. खरा धोका आहे तो समजुतींत. सांधे सोन्याचे आहेत, तेव्हां उपकरण वाटेल तेवढा प्रवाह सोशील, असें मानून माणूस अधिकाधिक कमी रोधाचें वेटोळें बसवूं लागतो. सांध्यांतला रोध घटला म्हणजे बॅटरीवरचा ताण घटत नाहीं, उलट वाढतो. ज्या उपकरणांत नियंत्रक मंडल नसतें, बॅटरी आणि वेटोळें यांच्यामध्यें केवळ एक बटण असतें, तेथें हा ताण आवरणारें कांहींच उरत नाहीं. अमेरिकेंत २०१८ सालीं फ्लॉरिडांत व २०१९ सालीं टेक्ससमध्यें अशा उपकरणांचा स्फोट होऊन दोन तरुणांचे प्राण गेले. लिथियम बॅटरी बिथरली म्हणजे तिच्या टोंकांवर कोणता धातु आहे हें ती पाहत नाहीं.

मुलाम्यासंबंधीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनीं २०१३ सालीं कांहीं ई-सिगारेटी उकलून तपासल्या. त्यांतील वेटोळ्यास जोडलेल्या तांब्याच्या तारेवर रूप्याचा मुलामा होता. आणि त्यांच्या वाफेंत कथील, लोखंड, निकल यांच्या सूक्ष्म कणांबरोबर रूप्याचेहि कण आढळले. जो धातु सांध्यावर शोभतो, तो श्वासाबरोबर आंत जावा असें कोणीहि म्हणणार नाहीं.

घरापुरता बोध थोडक्यांत असा. विजेरी मंद झाली तर बॅटरीचीं टोंकें कोरड्या फडक्यानें पुसावीं आणि मागील स्प्रिंग दाबून धरते कीं नाहीं तें पाहावें. प्लग भिंतींत सैल बसून तापत असेल तर त्यास सोनेरी मुलाम्याचा नवा प्लग आणून उपाय होणार नाहीं. खोबणीची पकडच सुधारली पाहिजे. दमट हवेंत, समुद्रकांठच्या गांवीं, क्षीण प्रवाहाच्या नाजूक सांध्यावर सोनें असलें तर तें पैसे वसूल करतें. इतरत्र घट्ट आणि स्वच्छ पितळ सैल आणि मळक्या सोन्याहून केव्हांहि बरें. कल्हई चांगली असावी हें खरें. परंतु तिच्या लकाकीवरून पातेल्याखालच्या आंचेचा अंदाज बांधूं नये.