विरजणाची साक्ष

रात्री कोमट दुधाला विरजण लावलं, सकाळी झाकण उघडलं तर दूध दुधासारखंच. घरात पहिला संशय थंडीवर जातो, दुसरा विरजणावर. परवा गाईच्या सडात सोडलेली औषधाची ट्यूब कुणाला आठवत नाही. दह्याचे जंतू पेनिसिलिनला फार हळवे. दुधात औषध थोडं जरी उतरलं तरी त्यांची वाढ खुंटते.

किनवटमध्ये काय किंवा तिकडे उदगीरला काय, डेअरीत दुधाचा दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांवर). लॅक्टोमीटर पाणी पकडतो. औषधाबद्दल हे सगळेच मुके. उकळूनही पेनिसिलिन बरंचसं तसंच राहतं.

दुधाच्या प्रयोगशाळेतली जुनी निळी नळी मात्र जंतूंनाच बोलतं करते. 10 मिली दुधात 1 मिली मिथिलिन ब्लू घालायचं आणि नळी 37 अंशांच्या पाण्यात ठेवायची. दुधातले जंतू प्राणवायू संपवत जातात, तसा निळा रंग उडत जातो. अर्ध्या तासात पांढरं झालं तर दूध वाईट, 5 तास निळं राहिलं तर उत्तम. गंमत अशी की औषधाच्या दुधात जंतूच दबलेले असतात, त्यामुळे रंग टिकतो. म्हणजे नको ते दूध इथे पहिल्या नंबराने पास!

ही फसगत दुसरी नळी पकडते. नेदरलँडमधल्या डेल्फ्टच्या कंपनीची ‘डेल्वोटेस्ट’ त्यातली सर्वांत माहितीची. नळीच्या तळाशी जांभळं अगार असतं आणि त्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जीवाणूचे बीजाणू झोपलेले. हा उष्णतेचा भोक्ता. हात पोळेल अशा 64 अंशांत जागा होतो. वर दुधाचे दोन-तीन थेंब घालायचे आणि सुमारे तीन तास थांबायचं. दूध निर्धोक असेल तर जीवाणू वाढतो, आम्ल तयार करतो आणि जांभळ्याचं पिवळं होतं. जांभळं जांभळंच राहिलं, तर समजावं की दुधात औषध आहे. निळ्या नळीच्या नेमकं उलट: इथे रंग बदलला की आनंद. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनेही बीजाणूंवर चालणारी अशी चाचणी तयार केली आहे.

इतकी बारीक तपासणी कशाला? पेनिसिलिनची आंतरराष्ट्रीय मर्यादा लिटरला 4 मायक्रोग्रॅम आहे. हिशेब करा: 100 मिलीग्रॅम औषध 25 हजार लिटर दुधाला त्या मर्यादेवर नेतं. दगडी (काससूज) झाली म्हणून ट्यूब सोडलेल्या एका गाईची धार कॅनमध्ये गेली की शेजाऱ्यांचंही दूध त्यात आलं.

देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये 6,432 नमुने तपासले; 77 नमुन्यांत प्रतिजैविकं मर्यादेपेक्षा जास्त निघाली. पण ते नमुने 50 हजारांवर वस्तीच्या शहरांतले होते. किनवट त्याहून लहान. माझ्या मते ही जांभळी नळी शहराच्या प्रकल्पाआधी गावच्या संकलन केंद्रावर हवी. तिथे दोषी कॅन बाजूला काढता येतो. टँकरमध्ये मिसळल्यावर काय काढणार?

नळी येईल तेव्हा येईल. तोवर सडात ट्यूब सोडली, की डॉक्टरांना लगेच विचारा, ‘डेअरीला दूध कधीपासून घालू?’ त्या दिवसापर्यंतची धार वेगळ्या भांड्यात काढा आणि घरच्या विरजणालाही वापरू नका.