फौजी कायमचा घरी येतो तेव्हा : पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

कळमनुरी तालुक्यातल्या वारंगा फाट्यावर नागपूर–तुळजापूर आणि अकोला–नांदेड हे दोन महामार्ग एकमेकांना मिळतात. आसपासच्या गावांतले जवान याच रस्त्यांनी रजेवर येतात आणि एक दिवस कायमचे परततात. त्या दिवशी सजवलेल्या उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, औक्षण होते, शाळेत सत्कार होतो. हा मान त्यांच्या हक्काचाच आहे. पण सत्कार एका दिवसात उरकतो आणि गावच्या आयुष्यात रुळायला वर्षे लागतात. त्या वर्षांत आपलेच काही समज त्यांची वाट अवघड करतात.

गैरसमज १ : आता काय, बसून पेन्शन खायची.

वस्तुस्थिती : शिपाई पदावरचा जवान साधारण १७ ते १९ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होतो. अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला माणूस चाळिशीच्या आतच घरी येतो. मुले शाळेत असतात, आई-वडील थकलेले असतात, घराचे बांधकाम अर्धे झालेले असते. त्याच्या वर्गातला शिक्षक झालेला मित्र अजून वीस वर्षे नोकरी करणार असतो. 'समान पद, समान पेन्शन' योजना १ जुलै २०१४ पासून लागू झाल्याने जुन्या-नव्या निवृत्तांमधली तफावत कमी झाली, पण शिपायाची पेन्शन ही शिपायाचीच राहते. त्याला दुसरा कामधंदा शोधावाच लागतो.

गैरसमज २ : माजी सैनिकासाठी सरकारी नोकरी राखून ठेवलेलीच असते.

वस्तुस्थिती : राज्य सरकारच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण ती जागा परीक्षा देऊन, पात्रता सिद्ध करूनच मिळते. वीस वर्षे पुस्तक हाती न घेतलेल्या माणसाला पंचविशीतल्या मुलांबरोबर अभ्यासाला बसणे सोपे नसते. वाहनचालक, वीजतंत्री किंवा परिचारक म्हणून काम केलेल्याचे कौशल्य बाहेर लगेच उपयोगी पडते. तोफखान्यात किंवा पायदळात उमेदीची वर्षे घालवलेल्याला पुष्कळदा सुरक्षारक्षकाचीच नोकरी समोर दिसते. म्हणून निवृत्तीपूर्वीचे पुनर्वसन प्रशिक्षण महत्त्वाचे ठरते. राज्यात २००२ मध्ये स्थापन झालेले माजी सैनिक महामंडळ, म्हणजे 'मेस्को', काम मिळवून द्यायला मदत करते.

अग्निवीरांचा प्रश्न याहून तातडीचा आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच सैन्यात कायम केले जाते. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी मिळतो, पेन्शन नाही. २०२३च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२७ उजाडताना पूर्ण होतात.

गैरसमज ३ : घरी आला की संसार आपोआप सुरळीत होतो.

वस्तुस्थिती : इतकी वर्षे घर पत्नीने चालवलेले असते. बँक, बी-बियाणे, मुलांचे दाखले, सोयरिकी, सगळे निर्णय तिचे. आता घरात दोन कर्ते होतात. तिकडे युनिटमध्ये दिवसाचा प्रत्येक तास ठरलेला आणि हुकूम स्पष्ट असतो. इकडे तलाठ्याकडे चार खेपा, भावकीतली वाटणी, रात्रीची वीज. मुलांना बाप रजेतला पाहुणा म्हणून ठाऊक असतो. या कुरबुरी कोणाच्या वाईट स्वभावातून येत नाहीत. घराची घडी नव्याने बसायला वेळ लागतो आणि तो वेळ दोघांनाही मिळाला पाहिजे.

गैरसमज ४ : लढाई पाहिली तोच खरा सैनिक, आणि त्याला सगळे जसेच्या तसे आठवते.

वस्तुस्थिती : सियाचिनवर १९८४ पासून शत्रूच्या गोळीपेक्षा थंडी आणि हिमकडे यांनीच जास्त जवानांचे बळी घेतले आहेत. १९६५च्या युद्धात कायमचे अपंगत्व आलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्याच्या यांत्रिकी दलात कारागीर होते. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकले. अण्णा हजारे त्याच युद्धात खेमकरण भागात ट्रकचालक होते. सोबती गेले आणि आपण वाचलो, याच आठवणीतून आयुष्याची दिशा ठरली, असे ते सांगत आले आहेत. १९७५ मध्ये सैन्य सोडून ते राळेगणसिद्धीला परतले.

आठवण ही चित्रफीत नसते. दर वेळी सांगताना मन ती नव्याने रचते, हे केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिले. त्यामुळे आजोबांनी एकाहत्तरच्या युद्धाची हकीकत दोनदा थोडी वेगळी सांगितली तर ते थापा मारत नसतात. तारखा सरमिसळ होतात. सोबत्याचा चेहरा, चौकीवरचा वारा, पत्राची वाट पाहणे मात्र पक्के राहते.

गैरसमज ५ : युद्धावरून आलेला माणूस डोक्याने बिघडतोच, किंवा उलट, फौजीला मनाचा आजार होतच नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही समज चुकीचे आहेत. भयंकर प्रसंगातून गेलेली बहुतेक माणसे कालांतराने सावरतात. काहींना मात्र दुःस्वप्ने, फटाक्याच्या आवाजाने दचकणे, झोप उडणे, माणसांत न मिसळणे असा त्रास महिनोन्‌महिने राहतो. आघातानंतरचा हा विकार १९८० पासून वैद्यकशास्त्रात स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेला आहे आणि त्यावर उपचार आहेत. रोजची दारू हा उपचार नव्हे. तिने झोप आणि मन दोन्ही आणखी बिघडते. 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. २००३ पासूनच्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेत निवृत्तांच्या उपचारांची सोय आहे.

मग आपण काय करायचे? ग्रामपंचायतीने घरपट्टीची माफी त्यांना मागायला न लावता द्यावी. राज्य सरकारने ती २०२० मध्येच मंजूर केली आहे. शाळेने त्यांना केवळ २६ जानेवारीला झेंड्याखाली उभे न करता वर्गात बोलवावे. घरच्यांनी 'किती मारले?' हा प्रश्न टाळावा आणि 'तुमच्या सोबत कोण कोण होते?' असे विचारून ऐकत बसावे. एकाहत्तरला विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीत आहे. त्याची हकीकत युनिटचे नाव, ठिकाण आणि साल यांसह या वर्षीच लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवा.